एआय बनवताना एथिक्स प्रत्यक्षात कसं आणायचं: नव्या टीमसाठी पायरीपायरीनं

गेली सात वर्षं मी मुंबईत एआय सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करते आहे, बहुतेक वेळ छोट्या कर्जांच्या प्रॉडक्टवर. सुरुवातीला एथिक्स म्हणजे आमच्यासाठी एक पीडीएफ होती. जॉइन झालं की वाचायची, खाली सही करायची, झालं. काम करताना ती कधी उघडावीशी वाटली नाही. तिच्यात ‘आम्ही निष्पक्ष राहू’ असं लिहिलेलं होतं, पण त्यासाठी सोमवारी सकाळी कोणत्या फाइलमध्ये काय बदलायचं, ते नव्हतं.

माझे डोळे उघडले ते गोवंडीत. फील्ड ऑफिसरबरोबर शिवाजीनगरला गेले होते. तिथे एक बाई घरी ब्लाउज शिलाई आणि फॉल-पिकोचं काम करायच्या. दुसरं मशीन घ्यायला त्यांनी तीस हजारांचा अर्ज केला होता आणि आमच्या मॉडेलनं, म्हणजे जुन्या कर्जांच्या डेटावरून शिकून कोणाला कर्ज द्यायचं ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरनं, तो नाकारला होता. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून बचत गटाचं पासबुक काढलं आणि माझ्यासमोर उघडून धरलं. चार वर्षांचे हप्ते, एकही चुकलेला नाही, प्रत्येक नोंदीसमोर गटाच्या अध्यक्षांची सही. “ताई, माझं काय चुकलं तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसला येऊन दोन दिवस खोदलं तेव्हा कळलं: पिनकोड ४०००४३, आणि महिन्याचा प्लॅन न घेता थोडे थोडे केलेले फोन रिचार्ज. ते पासबुक आमच्या डेटात कुठेच नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टला मी एकच प्रश्न लावते: मॉडेल चुकलं तर भुर्दंड कोण भरणार, आणि त्या माणसानं कोणाचं दार ठोठवायचं? खालच्या पायऱ्या या प्रश्नातूनच आल्या आहेत. उदाहरणं कर्जाची आहेत कारण माझा हात त्यात बसला आहे. नोकरीचे अर्ज चाळणारं, शाळेचं किंवा दवाखान्याचं सॉफ्टवेअर बनवत असाल तरी पायऱ्या याच राहतील.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एका पानाचा निर्णय-कागद (पायरी १ मध्ये सांगते).
- डेटाची नोंदवही. साधी एक्सेल शीट चालते.
- मॉडेल कार्ड: मॉडेल कशासाठी आहे, कशासाठी वापरायचं नाही, कोणत्या गटावर किती चुकतं, याचं दोन पानी टिपण. ही कल्पना २०१९ मध्ये मार्गारेट मिचेल आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि आता सगळीकडे रूढ आहे.
- टूल्स: गटवार चुका मोजायला फेअरलर्न किंवा एआय फेअरनेस ३६०, मॉडेलनं एखाद्या अर्जात कशाला किती वजन दिलं ते पाहायला शॅप. तिन्ही फुकट आहेत.
- डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ची प्रत. छोटा कायदा आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. वकिलावर सोडू नका, स्वतः वाचा.
- रिलीज थांबवायचा अधिकार असलेली एक व्यक्ती. तिचं नाव आणि तो अधिकार, दोन्ही लेखी.

शेवटची गोष्ट नसेल तर बाकीच्या पाचांचा फारसा उपयोग होत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी ‘समिती’ होती. समितीत सगळे होते, म्हणून जबाबदार कोणीच नव्हतं.

१. कोड लिहिण्याआधी एक पान लिहा

चार ओळी पुरतात. हे मॉडेल कोणता निर्णय घेणार किंवा सुचवणार? तो निर्णय आज कोण, कसा घेतं? मॉडेल दोन्ही बाजूंनी चुकलं तर प्रत्येक वेळी नुकसान कोणाचं? आणि साध्या नियमानं किंवा चांगल्या फॉर्मनं हे काम होईल का?

तिसरी ओळ लिहिताना लोक घाई करतात. कर्ज फेडू न शकणाऱ्याला कर्ज दिलं तर कंपनीचे पैसे बुडतात आणि त्या माणसाच्या मागे वसुलीचा तगादा लागतो. फेडणाऱ्याला नाकारलं तर कंपनीला काहीच दिसत नाही, आणि तो माणूस सावकाराकडे जातो. पहिली चूक डॅशबोर्डवर दिसते, दुसरी कधीच दिसत नाही. न दिसणाऱ्या चुकीचा भुर्दंड कोण भरतं ते पानावर आलं, की पुढच्या अर्ध्या चर्चा सोप्या होतात.

चौथ्या ओळीचं उत्तर ‘हो’ आलं तर मॉडेल बनवू नका. मी दोन प्रोजेक्ट इथेच थांबलेले पाहिले आहेत आणि कोणाचंही काही अडलं नाही.

२. नेमका कशाचा अंदाज बांधताय ते तपासा

२०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या दवाखान्यांमध्ये कोणत्या रुग्णाला जास्त काळजीची गरज आहे हे ठरवणारी एक प्रणाली प्रत्यक्षात रुग्णावर पुढे किती खर्च होईल याचा अंदाज बांधत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, म्हणून ती त्यांना कमी आजारी समजत होती. कोडमध्ये चूक नव्हती. गरजेच्या जागी खर्च ठेवला, तिथेच घोडं पेंड खातं.

आपल्याकडे हेच असं दिसतं: ‘चांगला ग्राहक’ म्हणजे तुमच्या डेटात ज्याला कर्ज मिळालं आणि ज्यानं ते फेडलं. ज्याला कधी कर्ज दिलंच नाही, त्याच्याबद्दल डेटा गप्प आहे. जुन्या ऑफिसरनं एखाद्या वस्तीतले अर्ज वर्षानुवर्षं बाजूला ठेवले असतील, तर मॉडेल तेच शिकतं, आणि त्याचं म्हणणं चूक ठरवायला पुरावाही उरत नाही. आम्ही उपाय केला तो असा: कट-ऑफच्या, म्हणजे मंजुरीसाठी लागणाऱ्या किमान स्कोअरच्या, थोडे खाली राहिलेल्या अर्जांपैकी काही अर्ज चिठ्ठी टाकून निवडायचे, त्यांना लहान रकमेचं कर्ज द्यायचं आणि सहा महिने पाहायचं. पैसे जातील या भीतीनं फायनान्सचे लोक नाही म्हणतील. तेव्हा पायरी १ चं पान पुढे करा.

३. डेटाची नोंदवही ठेवा आणि संमतीचा मजकूर स्वतः लिहा

प्रत्येक कॉलमसमोर लिहा: कुठून आला, कोणत्या कामासाठी संमती घेतली होती, किती दिवस ठेवायचा, कोण पाहू शकतं. ‘आधीपासून होताच’ हे उत्तर आलं की तो कॉलम बाजूला काढा. कर्जासाठी घेतलेला डेटा जाहिरातीसाठी वापरणं हा सगळ्यात जास्त दिसणारा सापळा आहे.

कायद्याचं थोडक्यात: २०२३ च्या कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली असायला हवी. ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठी त्यात आलीच. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यानं डेटा फुटला तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. तो ई-मेल कोण पाठवणार, हे आजच ठरवून ठेवा.

आता संमतीचा मजकूर. आमचा पहिला मजकूर असा होता: ‘उपयोगकर्त्याच्या वैयक्तिक विदेचे संकलन, प्रक्रिया व हस्तांतरण यांस मी याद्वारे संमती देत आहे.’ मराठी आहे, पण कोणाची? आम्ही ऑफिसबाहेरच्या पाच जणांना तो वाचायला दिला आणि ‘यात काय म्हटलंय ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हटलं. एक वॉचमनकाका म्हणाले, “काहीतरी हस्तांतर होणार आहे, म्हणजे घर का?” मग आम्ही लिहिलं: ‘कर्ज द्यायचं की नाही हे ठरवायला आम्ही तुमच्या बँक खात्यातली मागच्या सहा महिन्यांची जमा आणि खर्च पाहू. फोनमधले फोटो आणि नंबर पाहणार नाही. नको असेल तर “नको” दाबा. अर्ज शाखेत कागदावरही करता येतो.’ या वेळी पाचही जणांनी बरोबर सांगितलं. ही चाचणी अर्ध्या दिवसात होते, खर्च पाच चहांचा.

फोटो आणि नंबर पाहणार नाही हे आम्ही उपकार म्हणून लिहिलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधल्या फाइल्स, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी पाहायला मनाई केली आहे. आधीच टिक केलेली चौकट, लपवलेलं ‘नको’ बटण, असल्या गोष्टींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. डिझायनरला ती वाचायला लावा.

आणखी एक सापळा: ‘नावं काढली, आता डेटा निनावी झाला.’ संशोधक लतान्या स्वीनी यांनी दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड (तिथला पिनकोड) एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येऊ शकतात. मुंबईत तर सोसायटीचं नाव आणि जन्मतारीख मिळाली की चाळीस फ्लॅटमध्ये माणूस शोधायला कॉम्प्युटरही लागत नाही.

४. पिनकोड, आडनाव आणि नावाचे रकाने: मुंबईचा खास सापळा

इथे वेळ काढा. बहुतेक टीम म्हणतात, आम्ही जात, धर्म विचारतच नाही, मग भेदभाव येईलच कुठून? या शहरात पिनकोड जवळजवळ सगळं सांगून जातो. ४०००१७ म्हणजे धारावी, ४००००६ म्हणजे मलबार हिल. आडनाव त्याहून जास्त बोलतं. फोनचं मॉडेल, रिचार्जची पद्धत, अर्ज भरल्याची वेळ, शाळेचं माध्यम, हे सगळे कॉलम न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मागच्या दारानं देतात.

मी करते ती अदलाबदल चाचणी: खरे पन्नास अर्ज घ्या. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त ४०००१७ च्या जागी ४००००६ टाका, मग उलट करा. स्कोअर किती हलतो ते लिहा. तसंच आडनाव बदलून, मग नाव बदलून. आमच्याकडे पिनकोड एकटाच स्कोअर इतका हलवत होता की आम्ही तो काढला. काढल्यावर मॉडेलची अचूकता नावालाच कमी झाली. एवढ्यावर थांबू नका, कारण पिनकोड काढल्यावर ‘जवळच्या शाखेपासूनचं अंतर’ नावाचा कॉलम तेच काम करू लागला होता. उरलेल्या कॉलमवरून पिनकोड ओळखता येतो का, हे एक छोटं मॉडेल लावून तपासा. ओळखता आला तर दार अजून उघडंच आहे.

नावाचे रकाने हा वेगळाच विषय. आपल्या फॉर्ममध्ये ‘पहिलं, मधलं, आडनाव’ असे तीन रकाने असतात. लग्न झालेल्या बाईच्या एका कागदावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. माटुंग्यातल्या बऱ्याच तमिळ कुटुंबांत आडनावच नसतं, नुसतं आद्याक्षर असतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नावही येतं, मधे. नावं जुळवणारं मॉडेल या सगळ्यांना ‘संशयास्पद’ ठरवतं. आमच्याकडे फसवणुकीच्या संशयाची यादी काढली तर निम्म्याहून जास्त नावं नुकतंच लग्न झालेल्या मुलींची होती. नाव जुळलं नाही तर थेट नकार कधीच लावू नका. ‘दुसऱ्या कागदावर वेगळं नाव आहे का?’ असा एक प्रश्न विचारा.

५. चुका गटागटानं मोजा

एकूण अचूकता ९२ टक्के आली की मीटिंगमध्ये टाळ्या पडतात. समजण्यासाठी आकडे घेऊ. कर्ज फेडू शकणारे १,००० जण, ८०० पुरुष आणि २०० बायका. मॉडेलनं ४० पुरुष आणि ३६ बायकांना चुकून नाकारलं. एकूण चूक ७.६ टक्के, ऐकायला बरी. पण पुरुषांत ५ टक्के आणि बायकांत १८ टक्के. मॉडेल कार्डावर हे दोन आकडे शेजारी शेजारी हवेत. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली अशाच गट पाडून तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांवर ०.८ टक्क्यांपर्यंतच चुकणाऱ्या या प्रणाली सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांवर ३४.७ टक्क्यांपर्यंत चुकत असल्याचं उघड झालं.

मोजताना आधी गटात माणसं किती आहेत ते पाहा. चाचणीत एखाद्या गटाचे २५ जण असतील तर एक माणूस म्हणजे ४ टक्के. तेवढ्यावर काही म्हणू नका, डेटा वाढवा.

मग ‘निष्पक्ष’ म्हणजे काय यावर टीममध्ये वाद होईल, आणि तो व्हायलाच हवा. दोन गटांत चुकीच्या नकारांचं आणि चुकीच्या होकारांचं प्रमाण सारखं हवं, की सारख्या स्कोअरचा दोन्हीकडे सारखाच अर्थ हवा? गटांमधलं फेडीचं मूळ प्रमाण वेगळं असेल, तर हे सगळं एकाच वेळी साधत नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. गुन्हा पुन्हा करण्याचा धोका सांगणाऱ्या अमेरिकेतल्या कॉम्पास प्रणालीवर २०१६ मध्ये जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हेच होतं. तेव्हा एक व्याख्या निवडा, का निवडली ते दोन ओळींत लिहा, खाली तारीख टाका. माझी निवड सहसा चुकीच्या नकारांची असते, कारण तो भुर्दंड गरिबावर पडतो.

गट मोजायचे तर लिंग, वय माहीत हवं. ते संमतीनं, वेगळ्या फाइलमध्ये, फक्त तपासणीसाठी ठेवा. मॉडेलला ते दिसता कामा नये. आडनावावरून जात ओळखणारं सॉफ्टवेअर मात्र तपासणीसाठीसुद्धा बनवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा ती यादी तयार झाली की ती कोणाच्या हाती जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. वॉर्डनिहाय तुलना करा, किंवा लोकांना स्वेच्छेनं सांगू द्या.

६. मराठी ऐकणारं, बोलणारं मॉडेल असेल तर

पुणेरी बातमीची मराठी ऐकून शिकलेलं मॉडेल आगरी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यावर अडखळतं, आणि मुंबईत माणूस एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही बोलतो. मोझिला कॉमन व्हॉइस आणि आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचे मराठी डेटासेट चांगली सुरुवात देतात, पण चाचणीचे आवाज तुमच्या खऱ्या ग्राहकांचे घ्या. लेबल लावणाऱ्यांना, म्हणजे कोणत्या आवाजात किंवा मजकुरात काय आहे ते लिहून देणाऱ्यांना, तासाचे रीतसर पैसे द्या, आणि शिवीगाळ किंवा हिंसेचा मजकूर वाचायला लागणार असेल तर आधी सांगा, नाही म्हणायची मुभा द्या.

चॅटबॉट असेल तर तो ठामपणे खोटं सांगू शकतो हे धरूनच चला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणानं एअर कॅनडाला भरपाई द्यायला लावली, कारण तिच्या चॅटबॉटनं प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला होता. ‘बॉट स्वतःच्या बोलण्याला जबाबदार आहे’ असं म्हणून कंपनीला हात झटकता आले नाहीत. व्याजदर, तारखा, रकमा बॉटला स्वतःहून लिहू देऊ नका, डेटाबेसमधून आणा. आणि टीममधल्या कोणी ग्राहकाचं आधार किंवा स्टेटमेंट बाहेरच्या चॅटबॉटमध्ये पेस्ट करू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

७. ‘शेवटी माणूस बघतोच’ हे तपासून घ्या

हे वाक्य प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं. प्रत्यक्षात ऑफिसरकडे दिवसाला दोनशे अर्ज असतात, स्क्रीनवर लाल अक्षरात ‘नाकारा’ लिहिलेलं असतं, आणि मॉडेलच्या विरुद्ध गेल्यास कारण लिहावं लागतं, मॉडेलच्या बाजूनं गेल्यास काहीच नाही. अशा वेळी माणूस बघत नाही, अंगठा उठवतो. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या फसवणुकीचा धोका ठरवणाऱ्या प्रणालीनं डच नागरिकत्व आहे की नाही हा निकष धरला. हजारो पालकांवर खोटे आळ आले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. तिथेही माणसं होतीच.

तीन गोष्टी करा. ऑफिसरला मॉडेलचा निकाल दिसण्याआधी स्वतःचं मत नोंदवू द्या, निदान दहातल्या एका अर्जात. दोन्हीकडे कारण लिहायला लावा. आणि महिन्याला मोजा, किती वेळा माणूस मॉडेलच्या विरुद्ध गेला. ५०० पैकी शून्य आलं तर तुमच्याकडे देखरेख नाही.

८. रिलीज, देखरेख आणि बंद करायचं बटण

तपासणी रिलीजनंतर करणं म्हणजे वरातीमागून घोडं. आधी महिनाभर मॉडेल नुसतं मागे चालू द्या, निर्णय जुन्याच पद्धतीनं घ्या आणि दोन्ही ताडून पाहा. मग एका शाखेत, मग पुढे. पायरी ५ चे गटवार आकडे दर महिन्याला पुन्हा काढा. पावसाळ्यात फेरीवाल्यांची कमाई पडते, गणपतीच्या आधी वाढते. जानेवारीच्या डेटावर शिकलेलं मॉडेल जुलैत त्यांना बुडवे समजतं.

मॉडेल बंद करून जुन्या पद्धतीवर यायला किती मिनिटं लागतात, ते खरोखर करून पाहा. आमच्या पहिल्या सरावाला चार तास लागले होते.

कोणी वरून ‘हे सगळं कुठे सक्तीचं आहे?’ विचारलं, तर केंद्र सरकारची नोव्हेंबर २०२५ ची एआय मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. ती कायदा नाहीत, पण दिशा त्यातून कळते. वित्त क्षेत्रात असाल तर आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या समितीचा ऑगस्ट २०२५ चा अहवालही आहे. युरोपात ग्राहक असतील तर तिथला एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला आहे, आणि व्यक्तींची पत ठरवणारी प्रणाली तो उच्च धोक्याच्या गटात टाकतो.

९. दार बनवा

नकाराच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यात: खरं कारण, काय केलं तर निकाल बदलू शकतो, आणि माणूस उचलेल असा फोन नंबर. ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार’ हे कारण होत नाही. शॅपमधून आलेली वरची दोन कारणं घ्या, साध्या मराठीत वाक्यं तयार ठेवा, आणि ती त्या माणसाच्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल आहेत ना ते पाहा. ‘तुमचा पत्ता’ हे कारण येत असेल तर पायरी ४ ला परत जा.

तक्रारी शुक्रवारी, मॉडेल बनवणाऱ्यांनी स्वतः वाचायच्या. सपोर्ट टीमचा सारांश नको, मूळ शब्द. आमच्याकडे तीन शुक्रवार सलग बचत गटाचा उल्लेख आला तेव्हा अर्जात पासबुकाचा फोटो जोडायची सोय झाली. तो फोटो मॉडेलकडे जात नाही, थेट ऑफिसरकडे जातो, आणि ऑफिसरला नकार कायम ठेवायचा असेल तर त्या पासबुकाबद्दल एक ओळ लिहावी लागते. शिवाजीनगरच्या त्या बाईंचा अर्ज या रस्त्यानं आलेल्या पहिल्या अर्जांपैकी होता. मशीन त्यांनी दिवाळीच्या आधी घेतलं.